आडवा माड

पाट्यावरचं खोबऱ्याचं वाटण मी नुकतंच गोळा करत होते. तेवढ्यात सासूबाई आल्या, तो गोळा माझ्या हातातून काढून घेतला आणि मागच्या दारी जाऊन सरळ कोंबड्यांपुढे टाकला.

"आई! अहो, बांगडे साफ करून ठेवलेत मी!"

"ठेव नाहीतर पूज त्यांना. आजपासून या घरात नारळ शिजायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय गो? आत कोण निजलाय ते बघ एकदा, आणि मग मला विचार."

आत आमचे हे निजले होते. दोन महिने इस्पितळात काढून त्याच दिवशी सकाळी घरी आणले होते. कमरेखालचं अंग गेलेलं. आणि हे कोण, तर जनार्दन पाडेली. नारळ-सुपारी उतरवणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात, आणि आमच्या किनाऱ्याच्या पाचपन्नास वाड्यांत यांच्याएवढा चपळ पाडेली नव्हता, हे मी बायको म्हणून सांगत नाही, कोणालाही विचारा. एका पोफळीवर चढले की शेंड्याला झोका देऊन दुसरीवर, तिथून तिसरीवर, असे ओळच्या ओळ संपवूनच जमिनीला पाय लावायचे. लग्नानंतर पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी डोळ्यांवर पदर घेतला होता.

पौषात एक पोफळ दगा देऊन गेली. आतून पोकळ झालेली होती, वरून कळायला मार्ग नव्हता. झोका घेतला आणि ती मधूनच मोडली. यांची पाठ बांधाच्या चिऱ्यावर आपटली.

"त्याला माड दिसता कामा नये, नारळाचं नाव कानावर पडता कामा नये," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "जे परत हाताला लागायचं नाही, ते समोर कशाला नाचवायचं?"

मलाही ते पटलं. न पटायला काय झालं होतं? मीही त्याच घरातली.

मग काय, आमच्या घरात नारळाला बंदी झाली. कोकणातल्या घरात, आणि तेही पाडेल्याच्या! वाडीकडची खिडकी बंद करून आतून खुंटी मारली. पडवीतली नारळांची रास शेजारच्या रघुनाथभावजींकडे हलवली. आमच्या वीसेक माडांचे नारळ तेच उतरवायचे, पण कधी, तर यांना तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं की. आमची लेक तन्वी तेव्हा तिसरीत होती, तिलाही बजावलं होतं. डोक्याला लावायचं खोबरेल तेलसुद्धा सासूबाईंनी कपाटात कुलपात घातलं आणि तिळाच्या तेलाची बाटली आणली. आणि बांगड्याच्या कालवणात काय, तर शेंगदाण्याचं कूट! माझ्या माहेरी कळलं असतं तर पुढच्या सात पिढ्या हसल्या असत्या.

हे मुकाट्याने जेवायचे. एकदाही विचारलं नाही, की हे काय घातलंस.

सुरुवातीला निदान चार शब्द बोलायचे. तन्वीचा पाढा ऐकायचे, आईला चिडवायचे. मग शिमगा आला. देवाची पालखी दारात आली, ढोल वाजले, सासूबाईंनी ओटी भरली, आणि त्या संध्याकाळपासून हे जे भिंतीकडे तोंड करून वळले ते वळले. आम्हाला वाटलं, दर वर्षी पालखी खांद्यावर घेऊन नाचणारा माणूस, त्याला आपले पाय आठवले असतील. दुसरं काय वाटणार?

तालुक्याचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, यांचे हात धडधाकट आहेत. यांनी उठून बसायला हवं, हातांवर अंग उचलायला हवं. असेच पडून राहिले तर पाठीला जखमा होतील, छाती भरेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"मी रोज सांगते हो."

"सांगून होत नाही ते. त्यांना स्वतःला वाटलं पाहिजे."

मी उशा लावायचे, हे घसरून परत आडवे व्हायचे. हाताला धरायला माळ्याच्या तुळईला दोरी बांधली, तिला हात लावला नाही. एकदा मी चिडले, रडले, वाट्टेल ते बोलले. हे नुसते म्हणाले, "कुंदा, तुझ्या जिवाला मी घोर लावलाय, कळतं मला." आणि डोळे मिटले. हा माणूस निघायच्या तयारीला लागलाय, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते सासूबाईंना सांगायचा धीर झाला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला घरचा नियम शिकवला होता. माणूस माडावर असताना त्याला खालून हाक मारायची नाही. हाक ऐकली की माणूस खाली बघतो, आणि वर असताना खाली बघायचं नसतं. चहा झाला, जेवण झालं, कोणी आलं, तर दगड घ्यायचा आणि बुंध्यावर दोनदा ठोकायचं. वरून कोयत्याच्या पाठीने दोन ठोके आले, की समजायचं, ऐकलं. आमचं नवराबायकोचं अर्धं बोलणं असं माडातून झालेलं आहे. नव्या नवलाईत मी उगाचच ठोकायचे आणि हे उगाचच उत्तर द्यायचे, आणि सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, "काम करू दे गो त्याला!"

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वादळ आलं.

आदल्या दिवसापासून दवंडी चालली होती, किनाऱ्यालगतच्या घरांनी शाळेत जावं म्हणून. सकाळी पोलीसपाटील आले, बरोबर गावातली चार माणसं.

"जनूभाऊ, तुम्हाला खाटेसकट उचलतो. वेळ घालवू नका."

"चार जणांच्या खांद्यावरून मी एकदाच जाईन, पाटील," हे म्हणाले. "इतक्यांदा तुम्हाला त्रास कशाला?"

सासूबाईंनी पुढे होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "जळ्ळं मेलं तुझं बोलणं!" मग पाटलांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बाकीच्यांचं बघा. आम्ही इथेच राहतो. याला टाकून जाणार आहोत काय?"

"आई, तुम्ही तिघी जा," हे म्हणाले.

"गप पड."

आम्ही खाट ओढून माजघरात आणली. वर लाकडी माळा होता, तेवढाच आधार. दुपारी वारा जो सुटला, तो वारा म्हणायचा नाही. आधी पडवीची कौलं गेली, मग ओटीवरची. पत्ते उधळावेत तशी उडत होती. तन्वी यांच्या कुशीत शिरली होती. मी आणि सासूबाई दाराची कडी धरून बसलो होतो आणि दार आम्हाला दोघींना बाहेर ओढत होतं.

तेवढ्यात बाहेर काहीतरी धाडकन पडलं.

"हा विहिरीवरचा गेला," हे म्हणाले.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी यांच्या तोंडून माडाचं नाव निघालं होतं.

परत आवाज. कडाड, आणि मग जमीन हादरली. "हा पाव्हणा." पाव्हणा म्हणजे रघुनाथभावजींच्या कुंपणावर वाकलेला माड. अर्धे नारळ त्यांच्याच अंगणात टाकायचा, म्हणून यांनी त्याला ते नाव ठेवलं होतं. मग, "ही मोठी बाय. अरेरे... तिला आत्ता कुठे फुलोऱ्याची पोय फुटली असेल." डोळे मिटलेले, अंग खाटेवर, पण हा माणूस घरात नव्हताच, वाडीत फिरत होता. आवाजावरून एकेक माड ओळखत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खिडकीची खुंटी तुटली आणि दोन्ही फळ्या भिंतीवर आपटल्या. समोर वाडी. माड जमिनीपर्यंत वाकत होते. सासूबाई धडपडत उठल्या खिडकी लावायला.

"आई, राहू दे," हे म्हणाले. "जाताना तरी बघू दे मला त्यांना."

त्या तिथेच थांबल्या. मग यांच्या खाटेजवळ येऊन बसल्या आणि डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. मी दार सोडून तिकडे गेले. दार उघडलं तर उघडू दे. आम्ही चौघं एका खाटेवर एकमेकांना धरून होतो. माळ्याच्या कडेने एक वासा निसटला, खाटेच्या दांड्यावर आदळला आणि कौलांचे तुकडे आमच्यावर कोसळले. धूळ बसल्यावर मी बघते तर तन्वीच्या अंगावर हे ओणवे झालेले, दोन्ही हात खाटेवर रोवून. पाठीवर कौलांचा चुरा. मी इतकी घाबरलेली होते, की हा माणूस हातांवर उठलाय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ते रात्री आठवलं, आणि तेव्हा मला झोप लागली नाही.

सकाळी उजाडलं ते काहीतरी भलतंच. घरात बसून समुद्र दिसत होता! मधली वाडीच नव्हती. माड, पोफळी, फणस, सगळं एकाच दिशेला झोपलेलं. बाहेर जायला दार उघडावं तर दार दोन बोटांपलीकडे उघडेना. फटीतून हिरव्या झावळ्या आत घुसल्या. अंगणातला आजोबा पडला होता. आजोबा म्हणजे सासऱ्यांनी लावलेला, सगळ्यांत उंच माड. त्याने घर वाचवलं होतं, आडवा होऊन अंगणभर पसरला होता, आणि शेंडा मात्र बरोबर आमच्या पायरीवर आणून ठेवला होता. मागच्या दारावर गोठ्याचं छप्पर पडलेलं. आम्ही घरातच अडकलो होतो.

मी फटीतून हाका मारल्या. रघुनाथभावजी लांबून ओरडले, "वहिनी, दम धरा! इकडे म्हातारीच्या अंगावर भिंत आलीय, तिला काढतो आधी!"

"धरतो दम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"कुंदा," आतून यांचा आवाज आला. "कोयता आहे ना घरात?"

मी सासूबाईंकडे बघितलं. तोही त्यांनी लपवला होता, पिठाच्या डब्यामागे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. यांच्या मनात काय आहे कोण जाणे, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गेल्या कित्येक महिन्यांत या माणसाने काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा नाही.

"आहे," मी म्हटलं आणि आणून हातात दिला.

यांनी अंगठा धारेवरून फिरवला. "गंजवलात ना?" म्हणाले. "गोधडीवर घ्या मला. दाराशी ओढा."

आम्ही दोघींनी गोधडीचे कोपरे धरून ओढलं. तन्वी पाय सांभाळत होती. दाराशी चौकटीला टेकवून बसवलं, आणि बसले! फटीतून हात घालून एकेक झावळी चाचपायची, देठ शोधायचा, आणि एक घाव. झावळी आत ओढून तन्वीकडे द्यायची. घामाने अंग भिजलं, दम लागला. सासूबाई दर घावाला "पुरे रे, पुरे" म्हणत होत्या आणि हे ऐकत नव्हते. दार हातभर उघडलं, मग सगळं उघडलं.

समोर आजोबाचा शेंडा. इतकी वर्षं मी त्याच्या बुंध्याशी उभी राहिले, पण शेंडा कधी जवळून बघितला नव्हता. कावळ्याचं घरटं होतं. पिवळी बारीक फुलं होती. नारळांच्या पेंडीवर पेंडी, शहाळी वेगळी, तयार नारळ वेगळे. यांनी दोन्ही हात पसरून त्या शेंड्यात तोंड घातलं आणि हमसून हमसून रडले. आम्ही रडू दिलं.

मग डोळे पुसले आणि शहाळी कापायला घेतली. वीज गेलेली, नळ बंद, विहिरींत पालापाचोळा. गावात प्यायला पाणी नव्हतं. हे शहाळी कापत होते आणि तन्वी पिशवीत भरून घरोघर नेत होती. "भिंतीखालच्या म्हातारीला आधी दे गो," हे सांगत होते. थोड्या वेळाने भावजी आले ते दारातच थबकले.

"जनू... अरे, तू?"

"आजोबा आला ना खाली मला भेटायला," हे म्हणाले. "मी जात नव्हतो, मग तोच आला."

शहाळी संपल्यावर यांनी चार तयार नारळ निवडून बाजूला काढले आणि माझ्यापुढे सरकवले.

"हे घरात ठेव कुंदा. जपून वापर. आणि एक देवाला दे. पालखीचा राहिलाय आपल्याकडून."

"राहिलाय? कुठला राहिलाय?"

"शिमग्याचा." हे खाली बघून बोलत होते. "आत पडल्या पडल्या दारातून बघत होतो मी. आईने ओटीत नुसते तांदूळ घातले. पाडेल्याच्या घरातून देवाला नारळ गेला नाही! जेवणात नारळ नव्हता तेव्हा म्हटलं, ठीक आहे, चढणारा पडलाय, उतरवणार कोण. रात्री एखादा आपसूक पडल्याचा आवाज यायचा, तोही तुम्ही माझ्या औषधासाठी विकत असणार. पण देवाला सुद्धा नाही म्हटल्यावर... काय करून ठेवलं मी घराचं! त्यापेक्षा मी नसलेला बरा, असं झालं मला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"अरे मेल्या," त्या म्हणाल्या, "नारळ दिला की रे! चांगला सोलून, कुंकू लावून दिला! मागच्या दाराने रघुनाथाच्या हातात दिला आणि त्याने पालखीत ठेवला!"

"मागच्या दाराने का?"

"तुला दिसू नये म्हणून."

"मला का दिसू नये?"

मीच म्हटलं, "तुम्हाला माड आठवतील, त्रास होईल, म्हणून. नारळांची रास भावजींच्या पडवीत आहे. ते उतरवतात, तुम्ही डॉक्टरांकडे गेलात की. एकही विकलेला नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग भावजींकडे. भावजींनी मान हलवली. "छपराला लागलीय रास, बाबा. उंदीर नाचतात त्यावर."

"आई," हे म्हणाले, "नारळ बघितला नाही तर मी माड विसरेन, असं वाटलं तुला? माडाखाली जन्मलो मी."

"चुकलं रे बाबा."

"आणि ते शेंगदाण्याचं कूट?"

"तेही त्याचसाठी."

"आणि डोक्याला तिळाचं तेल?"

सासूबाईंनी रडता रडता मान डोलावली.

"अगं आई गं!" हे म्हणाले. "ते कालवण मी रोज गिळत होतो! वाटायचं, बिचाऱ्या काय करतील, आहे त्यात भागवतायत, आपण तोंड कशाला वाकडं करा!" आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळायला गेले तर मलाच हुंदका फुटला. भावजी, तन्वी, सगळी हसत होती आणि रडत होती. घरावर छप्पर नव्हतं, वाडीत दहा माड उरले नव्हते, आणि आम्ही वेड्यासारखी हसत होतो.

"एकदा विचारायचंस तरी!" सासूबाईंनी यांच्या दंडावर चापट मारली.

"तुम्ही सांगायचंत तरी!"

मासे कुठले मिळणार? डब्यातले सुके बोंबील काढले. पडवीत तीन चिरे मांडून चूल केली. पाटा कौलांच्या ढिगाखालून उकरून धुतला आणि खोबरं, मिरची, धणे घेऊन बसले. इतक्या दिवसांनी ते वाटण हाताला लागलं. सासूबाई मागून येऊन बघून गेल्या, जाताना खोबऱ्याची चिमूट तोंडात टाकली.

हे तोपर्यंत पायरीवर उतरले होते, हातांवर अंग सरकवत, एकटे. शेंड्याशी बसून कोयत्याने झावळ्या साळत होते. छपराला हव्यात म्हणाले. मी जळण आणायला माडाच्या कडेकडेने पार बुंध्यापर्यंत गेले होते. तिथे मुळं आभाळाकडे तोंड करून उभी होती.

"झालं गो," सासूबाई चुलीवरून म्हणाल्या. "बोलव त्याला जेवायला."

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. माड आडवा असला म्हणून काय झालं, माणूस शेंड्याशी होता. मी वाकून एक दगड उचलला आणि बुंध्यावर दोनदा ठोकलं.

काहीच नाही. झावळ्यांत यांचं डोकं तेवढं दिसत होतं, आणि ते हलायचं थांबलं होतं. मी तळहात बुंध्यावर टेकवून उभी राहिले.

मग हाताखाली लाकूड थरथरलं. दोनदा.

मी पदराने डोळे पुसले आणि ताटं वाढायला गेले.